आपला ब्राउझर योग्य नाही

मामांच्या दुकानाची वेबसाइट करून देतो असं मी आपणहून म्हणालो नव्हतो, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. सुरुवात आईने केली. जेवताना, ताटाकडे बघत, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं ती म्हणाली, "घरात कम्प्युटरचं एवढं कळणारं माणूस आहे, आणि माझ्या भावाचं दुकान बंद पडायला आलंय." त्यावर बायको म्हणाली, "करतील की ते." मी तेव्हा पाणी पीत होतो. पाणी पिताना नाही म्हणता येत नाही, आणि आमच्या घरात नाही न म्हणणं म्हणजे हो म्हणणंच समजतात.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. मागे फळ्यांवर सुटे भाग, पुढे एक स्टूल, आणि स्टुलावर मामा. शेजारी केमिस्टचं दुकान आहे, आणि केमिस्टला आपलं दुकान रुंद करायचं आहे. ते एकाच दिशेने रुंद होऊ शकतं. मामांचा भाडेकरार संपत आला होता आणि काम जवळजवळ थांबलं होतं. "करार संपेपर्यंत बघतो," मामांनी जाहीर केलं होतं. "कामं आली तर ठीक. नाहीतर चावी देऊन टाकतो आणि धाकट्याकडे जाऊन राहतो."

धाकटा म्हणजे मामांचा धाकटा भाऊ. तो दुसऱ्या गावी असतो, आणि त्याच्या बायकोचं घर इतकं स्वच्छ आहे की तिथे पाहुणा सोफ्यावर बसण्याआधी स्वतःकडे एकदा बघून घेतो. मामांच्या बोटांना कायम मशीनचं तेल. "तिथे त्याला कशाला हात लावू देणार नाहीत," आई म्हणाली. "आणि हात रिकामे राहिले की माझा भाऊ संपला." यात अतिशयोक्ती नव्हती. मामा लग्नाकार्यातसुद्धा खुर्चीचे स्क्रू पिळत बसतात. मला मामा आवडतात. हे एकदा सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीवरून ते लक्षात येईलच असं नाही.

आता माझ्याविषयी. मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेले कागद येऊ देणं आणि जाणारे कागद जाऊ देणं, असं कामाचं स्वरूप. फावल्या वेळात मी वेबसाइट चालवतो. ती पेपरवेटविषयी आहे. काचेचे, पितळी, दगडी, आत फूल असलेले, आत काहीच नसलेले. हा विषय लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पण मुद्दा पेपरवेटचा नाही. मुद्दा असा की ती वेबसाइट मी हाताने लिहिली आहे, अक्षरन्‌अक्षर. हल्ली तयार साचे मिळतात, त्यात फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत वेबसाइट उभी राहते. साच्यातल्या वेबसाइट करणाऱ्यांबद्दल मला राग नाही. मी त्यांच्याशी या विषयावर बोलत नाही, एवढंच.

ब्राउझरबाबतही माझी काही मतं आहेत. बहुतेक माणसं ब्राउझर निवडत नाहीत. फोनमध्ये जो आला तो वापरतात. मी निवडलेला ब्राउझर फारसा कोणी वापरत नाही, पण तो वेबसाइट जशी लिहिली तशी दाखवतो, मध्ये स्वतःचं डोकं चालवत नाही. असा गुण माणसांतही विरळाच. माझ्या बायकोला इंटरनेट आणि ब्राउझर यांतला फरक मी लग्न झाल्यापासून समजावतो आहे. ती म्हणते, "उघडल्याशी कारण."

वेबसाइट करायची म्हणजे दुकानाला नाव लागतं. मामांच्या दुकानाला नाव नव्हतं. सगळे त्याला मामांचं दुकान म्हणत, अगदी ज्यांचे ते मामा नव्हते तेही. दुकानावर पाटी होती, पण तिच्यावर 'छत्री दुरुस्ती' लिहिलेलं होतं. ती आधीच्या भाडेकरूची.

"काढली का नाही?" मी विचारलं.

"पत्रा चांगला आहे," मामा म्हणाले.

इंटरनेटवरच्या नकाशात दुकान दाखवायचं तर पाटीचा फोटो पाठवावा लागतो. मी पाठवला. दुकान शिलाई मशीनचं असल्याचं पाटीवरून दिसत नाही, असा नकार आला. मी सविस्तर खुलासा लिहिला. त्याला उत्तर म्हणून तोच नकार पुन्हा आला. मदतकक्षात जे कोणी होतं ते माणूस आहे की यंत्र हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. अखेर नकाशात दुकान लागलं ते 'छत्री दुरुस्ती' म्हणून. लगेच एक गृहस्थ मोडकी छत्री घेऊन आले. मामांनी रागारागाने ती दुरुस्त करून दिली. मग ते गृहस्थ घरातली दुसरी घेऊन आले.

दरम्यान इमारतीत बातमी फुटली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात आणि समोर एक विमा एजंट. दोघांनाही माझ्या छंदाबद्दल इतकी वर्षं काही मत नव्हतं, आता झालं. हेडमास्तर म्हणाले, "आधी शिलाई मशीनचा इतिहास टाका. माणसाला संदर्भ लागतो." त्यांनी तो इतिहास स्वतः लिहून आणला. तो सुईच्या शोधापासून सुरू होत होता, आणि मशीन यायला बराच अवकाश होता. विमा एजंट म्हणाले, "मामांचा हसरा फोटो टाका. विश्वास वाटला पाहिजे."

मामा हसत नाहीत. ते दुःखी आहेत असं नाही, पण तोंडात स्क्रू धरायची सवय असल्यामुळे ओठ मिटलेलेच असतात. विमा एजंट स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले आणि त्यांनी मामांना हसवण्यासाठी विमा ग्राहकांवर वापरायचे सगळे विनोद वापरले. मामांनी ते ऐकून घेतले आणि विचारलं, "यांचं काय बिघडलंय?" तेवढ्यात केमिस्ट दारात येऊन, "काय, निरोप समारंभ का?" म्हणाला. त्या क्षणी टिपलेला मामांचा चेहरा विश्वास वाटण्यासारखा नव्हता, पण स्पष्ट होता. तोच टाकला.

वेबसाइट तयार झाली आणि, मी स्वतः म्हणणं बरं दिसत नाही, पण देखणी झाली. पान खाली सरकवलं की मशीनचं चाक फिरायचं. चाक फिरलं की सुई खाली जायची, आणि सुईमागून टाक्याटाक्याने मजकूर उमटायचा: आधी हेडमास्तरांचा इतिहास, मग मामांचा फोटो, मग कामांची माहिती आणि शेवटी पत्ता, फोन नंबर. मी घरच्यांना बोलावून माझ्या कम्प्युटरवर दाखवली. आई डोळे पुसत म्हणाली, "अगदी तोच आहे." तिला एवढंच दिसत होतं आणि मला तेवढं पुरेसं होतं.

मग बायकोने ती आपल्या फोनवर उघडली.

तिच्या फोनवर चाक मामांच्या चेहऱ्यावर बसलं होतं आणि तिथेच फिरत होतं. विमा एजंटांच्या टॅब्लेटवर मामा आडवे झाले होते. हेडमास्तरांच्या जुन्या कम्प्युटरवर चाक नव्हतं, मामा नव्हते, पत्ता नव्हता. इतिहास मात्र संपूर्ण दिसत होता. "उत्तम झालंय," ते म्हणाले.

मी दुरुस्तीला बसलो. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांना सांगतो, हे आखूड पांघरुणासारखं असतं. मी मामांना टॅब्लेटवर सरळ उभं केलं, तर ते बायकोच्या फोनवर आडवे झाले. चाक चेहऱ्यावरून काढलं तर ते पत्त्यावर जाऊन बसलं. सुई थांबवली तर मजकूरच उमटेना. मी ऑफिसात, जिन्यात, दाढी करताना हाच विचार करत होतो. बायको सहज म्हणाली, "ते चाक काढून टाका ना."

चाक मी काढलं नाही. माणसाला आयुष्यात कुठे ना कुठे ठाम राहावं लागतं. मी ऑफिसात कधी राहिलो नाही, घरात राहायची सोय नाही. उरलं ते चाक.

आणि मग मला उपाय सुचला. कोणत्याही वेबसाइटच्या दारात आल्यावर ब्राउझर आपलं नाव सांगतो. तेव्हा दारातच एक पहारेकरी बसवायचा. योग्य ब्राउझर आला तर आत सोडायचं. दुसरा कुठला आला तर अर्धवट, वेडंवाकडं काही दाखवण्यापेक्षा त्याला नम्रपणे बाहेरच थांबवायचं. मी पांढऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मामांचं शिलाई मशीन दुरुस्ती दुकान. क्षमस्व, आपला ब्राउझर योग्य नाही. मदतीसाठी फोन करा.' खाली माझा नंबर टाकला. हे काम तासाभरात झालं आणि त्यानंतर कोणाच्याही फोनवर मामा आडवे दिसले नाहीत.

विमा एजंटांनी वेबसाइटचा पत्ता आपल्या सगळ्या ग्राहकांना पाठवला, कारण दिवसाची सुरुवात ते काहीतरी पाठवूनच करतात. हेडमास्तरांनी तो जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला, इतिहास लक्षपूर्वक वाचण्याच्या सूचनेसह. आणि मला फोन येऊ लागले.

पहिला फोन एका बाईंचा होता. "तुमच्याकडे शिलाई मशीन दुरुस्त होतं ना? माझं टाके सोडतंय."

"ते बघू," मी म्हणालो. "आधी मला सांगा, तुम्ही ब्राउझर कोणता वापरता?"

"मशीन होय? आईचं आहे. जुनं आहे."

"मशीन नाही हो. ब्राउझर. आत्ता तुमच्यासमोर पांढरं पान आहे ना? वर कोपऱ्यात तीन ठिपके दिसतात?"

बाई चांगल्या होत्या. त्यांनी ठिपके शोधले, दाबले, मी सांगितलेला ब्राउझर उतरवायला घेतला आणि मध्येच त्यांच्या फोनमधली जागा संपली. जागा रिकामी करायला कोणते फोटो काढून टाकावेत यावर आमची चर्चा झाली. मग त्यांच्याकडे दूधवाला आला. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

पण दुसऱ्यांचे आले. ब्लाउज शिवणाऱ्या बाई, पडदेवाला, शाळेचे गणवेश शिवणारा एक शिंपी. मी ऑफिसात जिन्याच्या वळणावर उभा राहून प्रत्येकाला शांतपणे समजावत होतो. पडदेवाल्याला मी ब्राउझर म्हणजे काय इथपासून सुरुवात करून दिली. तो शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही खूप छान समजावता, पण माझी ऑर्डर अडकलीय," आणि त्याने फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी आनंदात होतो. आवक-जावक विभागातल्या माणसाला कोणी सल्ला विचारत नाही. मला तर अनोळखी माणसं आपणहून फोन करत होती. ब्राउझरविषयी समाजात एवढी उत्सुकता असेल याची मलाही कल्पना नव्हती.

संध्याकाळी मी दुकानात डोकावायचो. "कोणी आलं?"

"छत्रीवाला आला होता," मामा म्हणायचे.

हळूहळू फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. मामा सुटे भाग कागदात गुंडाळून खोक्यात भरत होते. बॉबिन वेगळे, पट्टे वेगळे, सुया वेगळ्या. एका संध्याकाळी केमिस्ट मोजपट्टी घेऊन आत आला आणि मामा स्टुलावर बसलेले असतानाच भिंत मोजू लागला. मामांनी त्याच्यासाठी पाय बाजूला घेतले. ते मला बघवलं नाही. माझ्याशी भांडले असते, केमिस्टवर ओरडले असते तर चाललं असतं. पण ते पाय बाजूला घेणं वाईट होतं.

"मामा, लोकांना रस आहे," मी म्हणालो. "फोन येताहेत. फक्त तांत्रिक अडचण आहे."

"हो ना," मामा म्हणाले. "धाकट्याची बायको म्हणाली, येताना जुने कपडे आणू नका."

दुसऱ्या दिवशी मी फोन घरी विसरलो. चार्जिंगला लावला होता, तो तसाच राहिला. दिवसभर मला चैन पडेना. किती माणसं मदतीविना ताटकळत असतील, या विचाराने मी एक जाणारा कागद येणाऱ्यांत टाकला.

घरी आलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, तुमच्या फोनला उसंत नाही. सारखे मशीनवाल्यांचे फोन."

"मग? काय सांगितलंस?"

"मामांच्या दुकानाचा पत्ता सांगितला. दुसरं काय सांगायचं?"

"ब्राउझर कोणता, ते विचारलंस?"

"एकाचं मशीन दोरा तोडत होतं, एकीची सुई वाकली होती," ती सावकाश म्हणाली. "त्यांना मी ब्राउझर विचारू? म्हणजे इतके दिवस तुम्ही लोकांना हे विचारत होतात?"

आई आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलेलं होतं. ती फक्त चपला घालू लागली. "चल," मला म्हणाली. "तुझ्या मामाकडे जाऊन येऊ."

दुकानात शिरायला जागा नव्हती. मशीनं आत मावली नाहीत म्हणून फुटपाथवर मांडली होती, पायाची, मोटरची, एक तर टेबलासकट. केमिस्टच्या पायऱ्या अडल्या होत्या, आणि तो काउंटरमागून मान उंच करून आपल्या गिऱ्हाइकांना "इकडून या, इकडून" म्हणत होता. मी "जरा सरका" म्हणालो, तर पडदेवाला मला आवाजावरून ओळखून हसला. मामांनी खोकी फोडली होती आणि गुंडाळलेले कागद पायाशी पडले होते. आईने दारातून हाक मारली. त्यांनी मान वर केली, तोंडातले स्क्रू काढले आणि म्हणाले, "ताई, बस कुठेतरी. आज वेळ नाही गं." आईला इतकी चांगली वागणूक बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. ती एका मशीनच्या टेबलावर बसली आणि पदराने डोळे टिपू लागली.

यानंतर कोणी सामान्य माणूस असता तर गप्प बसला असता. पण मला वाटलं, एवढ्या गडबडीत लोक केवळ फोनवर विसंबून आहेत, त्यांना खरी वेबसाइट दिसायलाच हवी. मी रजा टाकली आणि पुन्हा कामाला बसलो. अखेर ते जमलं. चाक सगळीकडे जागच्या जागी फिरू लागलं, मामा सगळ्यांकडे उभे राहिले, हेडमास्तरांच्या कम्प्युटरवरसुद्धा. मी दारातला पहारेकरी काढून टाकला. आता जगातला कुठलाही ब्राउझर सरळ आत येऊ शकत होता.

फोन बंद पडले.

एक दिवस गेला, दुसरा गेला. बायको फोन हलवून बघत होती. "बिघडला का हो?" मी पुष्कळ विचार केला आणि विमा एजंटांना वेबसाइट उघडायला सांगून शेजारी बसलो. त्यांनी चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग उलट फिरवलं. "छान आहे हो," ते म्हणाले, आणि हेडमास्तरांनी लिहिलेल्या हाडाच्या सुईपाशी पोचल्यावर त्यांनी टॅब्लेट मिटला. फोन नंबर त्याच्या बराच खाली होता.

मामा घरी आले ते नवा करार हातात घेऊन. जुन्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. "सही करू का नको?" त्यांनी थेट मलाच विचारलं. "परवापर्यंत रांग होती. तू काय केलंस?"

"वेबसाइट नीट केली," मी म्हणालो.

"तर मग ती पुन्हा बिघडव," मामा म्हणाले. ते कधी माझ्याशी असं बोलले नव्हते. आवाज मात्र चढलेला नव्हता. "बाबा रे, मला धाकट्याकडे नाही जायचं."

बायको आणि आई दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी आत जाऊन कम्प्युटर सुरू केला. या वेळी पहारेकऱ्याला ब्राउझरचं नाव विचारायचीही गरज नव्हती. जो येईल त्याला ते पांढरं पान दाखवायचं, एवढंच सांगून ठेवलं. बाहेर येईपर्यंत मामांनी टीपॉयवर कागद ठेवून सही केली होती, आणि तिच्यावर तेलाचं बोट उमटलं होतं.

आता फोन माझ्याकडे नसतो. बायको रोज दुकानात जाऊन बसते, आणि तो तिच्याकडे असतो. केमिस्टने रुंद व्हायचा विचार सोडला आहे आणि तो उंच व्हायच्या खटपटीत आहे, असं ऐकतो. मी पूर्ववत पेपरवेटकडे वळलो आहे.

परवा ऑफिसात काम नव्हतं, म्हणून मी तिथल्या कम्प्युटरवर मुद्दाम माझा ब्राउझर उतरवून घेतला आणि मामांची वेबसाइट उघडली. म्हटलं, निदान एकदा ते चाक बघावं. पांढरं पान आलं: क्षमस्व, आपला ब्राउझर योग्य नाही. मदतीसाठी फोन करा. माझ्या ब्राउझरला आजवर असं कोणी बोललं नव्हतं. मी टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला. पलीकडे मशीन भरधाव चालल्याचा आवाज येत होता आणि मामा कोणाला तरी तेल कमी घालता म्हणून झापत होते.

"बोला," बायको म्हणाली. "पायाचं की मोटरचं?"

"अगं, मी बोलतोय."

"तुमचं काय बिघडलंय?"

"काही नाही. सहज."

"मग ठेवा बघू," ती म्हणाली. "लोकांना लागत नाही हो फोन."